सोमारीने मोजलेले वेढे

मी तार गुंडाळायचं यंत्र बोलतोय. एटापल्लीत लटारूभाऊंचं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं माझा दांडा फिरवला की तांब्याची तार साच्यावर गुंडाळली जाते आणि माझ्या पोटातला गिअर वेढे मोजतो. धानाच्या कितीतरी बांध्यांना पाणी पाजणाऱ्या मोटरींची तार माझ्या अंगावरून गेली आहे.

पुढे त्या गिअरचा एक दात झिजला. मी शंभर दाखवायचो, तेव्हा वेढे कधी एकशे एक, कधी एकशे दोन झालेले असत. वेढे असे कमीजास्त झाल्यानं मोटरी तापून, जळून परत येऊ लागल्या.

"आपले हात गेले आता, वेढे बरोबर पडत नाई," भाऊ कमळाबाईंना, आपल्या बायकोला म्हणाले. मग ते मोटरी भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्यायला, चंद्रपूरला धाडू लागले. माझ्यावर बारदान पडलं. दोष माझा होता, पण सांगायला मला तोंड कुठलं!

दोन वर्षं गेली. एके दिवशी शाळेच्या बाई आल्या.

"भाऊ, नववीतली एक पोरगी पंधरा दिवस दुपारची बसू द्या. काम शिकन."

"अन् तिनं मोटर जाळली तं? नाई जमत बाई!"

"करंटजवळ नका जाऊ देऊ. पुस्तकात मोटरचं चित्र पाह्यलं तिनं, उघडलेली मोटर नाई पाह्यली."

"बसू द्या नं," कमळाबाई म्हणाल्या. "तुमी का आईच्या पोटातून शिकून आले?"

भाऊंचा नाइलाज झाला. जंगलातल्या गावची, आश्रमशाळेत राहणारी सोमारी आली. भाऊंनी बारदान काढून मला तिच्यापुढं सरकवलं. "घे. हे बिघडलं तरी चालते."

शब्द लागले खरे, पण उजेड पाहून बरं वाटलं.

सोमारी दांडा फिरवताना पुटपुटायची, "उंदी, रंड, मूंद..." गोंडीतले आकडे. चौथ्या दिवशी ती थांबली.

"भाऊ, मशीन खोटं बोलून राह्यली."

"मशीन काऊन खोटं बोलन? तूच चुकली."

तिनं वाद घातला नाही. तार उलगडून एकेक वेढा मोजून दाखवला. एकशे दोन. भाऊंनी चष्मा चढवला, स्वतः गुंडाळून पाहिलं. एकशे एक. मग त्यांनी माझं पोट उघडलं आणि तो झिजलेला दात बोटानं चाचपून पाहिला.

"कमळे, माहे हात नाई गेले व!" भाऊंनी हाक दिली. "दोन वर्षं मी उगाच सोताले कोसत राह्यलो."

नवा गिअर बसला. एका गावची पिण्याच्या पाण्याची मोटर भाऊंनी आणि सोमारीनं मिळून भरली. मोटर चालू होऊन पाणी आलं तेव्हा भाऊंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वेल्डिंगवाल्या पोचूकडे गेले. "शाळेचं एक लेकरू तूही घे," म्हणाले.

पोचू अजून 'पाहू' म्हणतोय. तुम्हीही तसंच म्हणत असाल, तर माझं ऐका. शाळेतल्या लेकराला चार दुपारी तुमच्याजवळ बसू द्या. हात गेले असं मानून बसलेल्या माणसाला एका पोरीनं कामावर परत आणलं, मला अडगळीतून काढलं. तिचे उपकार मी कसे फेडू?

बोलणं आवरतो. यंदाची नवी पोरगी दारात चपला काढतेय.