स्टॅन्लीची एक फेरी

मी एक जुनी मिलिंग मशीन आहे. मित्रांनो, दिसते लहान, पण उचलायला गेलात तर चार माणसांना घाम फुटेल. माझ्या टेबलावर धातू घट्ट बांधायचा आणि हँडल फिरवत कटरखाली सरकवायचा, की त्याला सपाटी येते. माझा जन्म इंग्लंडमधल्या लेस्टरचा. तरुणपण एका शाळेत गेलं. पुढे शाळेने कारागिरीचा वर्गच बंद केला आणि मी ताडपत्रीखाली पडून राहिले.

तिथे मला बघायला हॅलिफॅक्सचे दोन भाऊ आले. धाकटा एडगर, बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक. थोरला स्टॅन्ली जन्मभर ओतकामाच्या कारखान्यात राबलेला. तिथली धूळ त्याच्या छातीत बसली होती. दोघांना कोळशावर चालणारं छोटं इंजिन बांधायचं होतं, गावच्या बागेतल्या रुळांवर माणसांना ओढणारं. त्याचा बिडाचा सिलिंडर स्टॅन्लीने कारखाना बंद झाला त्या दिवशी स्वतः ओतला होता. तसा दुसरा नव्हता.

एडगर कित्येक वर्षं मशीनच निवडत होता. चहा पिताना माहितीपत्रकं, झोपताना माहितीपत्रकं! त्याचा जीव एका उंच, चकचकीत मशीनवर जडला होता. त्याच्या बायकोने, मॉरीनने, विणकामाच्या टेपने घरामागच्या कामाच्या शेडचं दार मोजलं आणि विचारलं, "आत कशी नेणार? भिंत पाडून?" स्टॅन्लीने दुकानात त्या मशीनवर तुकडा कापताना तिच्या खांबावर तळवा ठेवला. म्हणाला, "अरे, ही तर माझ्यापेक्षा जास्त थरथरतेय!"

मग शाळेत येऊन तसाच तळवा त्याने माझ्यावर ठेवला.

"ही बघ. रूप नाही, पण हात स्थिर आहे. आणि हँडलवरच्या खुणा इंचाच्या, आपल्या इंजिनाच्या आराखड्यासारख्या. घे आणि चल!"

खरं सांगते, इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

शेडमध्ये एडगर मला रोज पुसायचा, तेल द्यायचा. पण काम? आधी माझ्यासाठी स्टँड केलं. मग धातू पकडायचे शिकंजे केले. मग शिकंजे ठेवायला स्टँड. इथल्या शेडवाल्या मंडळींची ही खोडच आहे. इंजिनासाठी शेड सजवायला घेतात आणि शेडच कधी सजून होत नाही.

स्टॅन्ली दर रविवारी घरामागच्या पायऱ्या चढून शेडमध्ये यायचा, मध्ये बसत, दम घेत.

"इंजिन कुठंय?"

"आधी एवढं स्टँड होऊ दे."

"लेका, नवरदेव म्हातारा झाला, तुझा मांडव काही पुरा होत नाही!"

एका रविवारी तो वर आला आणि त्याला बोलताच येईना. मॉरीनने फळीवरचा सिलिंडर उचलला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "आज कापा. नाहीतर ही मशीन मी विकते."

एडगरचा चेहरा उतरला. "बिघडला तर गं? त्याच्या हातचा शेवटचा आहे."

तेव्हा मला कळलं, हा आळशी नव्हता, घाबरलेला होता.

स्टॅन्लीला दम लागला होता, तरी हसू आलं. "वेड्या, मीही एकच आहे. बांध तो!"

एडगरने बांधला. कटर फिरला. स्टॅन्लीचा तळवा शेवटपर्यंत माझ्या खांबावर होता. मी जरासुद्धा हलले नाही. धातूला स्वच्छ, चांदीसारखी सपाटी आली आणि एडगर लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर बाकीचं काम भराभर झालं. मे महिन्यात मॉरीनची शाल लपेटून स्टॅन्ली इंजिनामागे बसला. गावच्या बागेला एक फेरी झाली. धुराने तो खोकत होता आणि हसत होता. एडगरने घरी येऊन हे सगळं मला पुसता पुसता सांगितलं.

"अजून एकदा ने," स्टॅन्ली म्हणाला होता.

"आज दमलास. पुढच्या रविवारी नेतो."

पुढच्या रविवारी स्टॅन्ली नव्हता.

मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल द्या, गंजू देऊ नका. पण ज्या कामासाठी आणलंत, ते काम आधी द्या. नुसतं झाकून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. एडगरची ती स्टँडं आणि शिकंजे अजून भिंतीवर आहेत, अगदी चकचकीत. त्यांतल्या एकेकाच्या वेळात स्टॅन्लीची एकेक फेरी झाली असती.