नोकरी असेपर्यंत

"परत वाच," एल्मर म्हणाला.

मी परत वाचलं. खरं तर वाचायची गरज नव्हती, एकोणीस वर्षं त्या खिडकीमागे बसून मला तो नियम पाठ झाला होता. "तुरुंगरक्षकाला दिलेला, पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना त्याची नोकरी संपताच रद्द समजावा."

"संपताच म्हणजे?"

"म्हणजे आज. पाच वाजता."

"कार्डावर तर पुढच्या ऑक्टोबरची तारीख आहे."

"ती नोकरी असती तर, एल्मर."

काचेखालच्या फटीतून त्याने कार्ड अर्धं आत सरकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर डाव्या हाताचं बोट दाबून धरलं होतं. उजवा हात कोटाच्या खिशात होता. त्या हाताची मूठ आता वळत नव्हती.

एल्मर नुनिस आमच्या काउंटीच्या तुरुंगात चोवीस वर्षं रक्षक होता. आमची काउंटी म्हणजे बदामाच्या बागा, गाईंचे गोठे आणि मध्ये एक गाव. शेरीफचं ऑफिस, कोर्ट आणि तुरुंग एकाच आवारात. पिस्तुलाचे परवाने शेरीफच्या ऑफिसातल्या माझ्या खिडकीवर व्हायचे. दर चार वर्षांनी एल्मर यायचा, ठसे द्यायचा, नवा फोटो द्यायचा. त्याच्या फाइलीत असे सहा फोटो आहेत. पहिल्यात दाट काळे केस आणि लग्नासाठी शिवलेला कोट, सहाव्यात नुसतं कपाळ.

बाहेरच्यांना वाटतं, तुरुंगाचा रक्षक म्हणजे कमरेला पिस्तूल. तसं नसतं. आत हत्यार नेता येत नाही. दाराशी लोखंडी कपाटं असायची, त्यात पिस्तूल ठेवायचं आणि रिकाम्या हाताने दोनशे माणसांत आठ तास फिरायचं. परवाना होता तो घरी जायच्या वाटेपुरता. पहिल्या अर्जावर 'कारण' या रकान्यात एल्मरने आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "ज्यांना मी कोंडतो ते माझ्याच गावात सुटतात." नंतर आलेल्या नव्या पोरांना मी तो अर्ज दाखवायचे. म्हणायचे, असं लिहावं कारण.

चोवीस वर्षांत त्याने ते पिस्तूल सरावाच्या मैदानाबाहेर कधी काढलं नाही.

हाताचं असं झालं. आदल्या वर्षी मे महिन्यात तो दुपारची ताटं वाटत होता. कोठडीच्या दारात ताटापुरती खिडकी असते. डॅरल विंटर्स नावाचा पंचविशीतला कैदी होता. त्या दिवशी त्याच्या आईची भेट रद्द झाली होती. रद्द वरून झाली होती, एल्मरने नाही, पण ताट घेऊन एल्मर आला. विंटर्सने त्याचा हात धरून खांद्यापर्यंत आत ओढला आणि दाराच्या कडेवर मोडला. दोन ठिकाणी. दुसरे रक्षक धावत येईपर्यंत तो एल्मरच्या कानाशी हळू आवाजात बोलत होता, "तुझं घर मला माहीत आहे, नुनिस. कालव्याजवळचं. पिवळं."

घर पिवळंच होतं.

विंटर्सची शिक्षा वाढली, पण वर्षभराने का होईना तो सुटणार होता. एल्मर मात्र सुटला तो कायमचा. ज्या हाताने किल्ली फिरत नाही तो हात तुरुंगाला काय कामाचा? बसून करायचं काम मागितलं, तर नाही म्हणाले. 'वैद्यकीय निवृत्ती' असा शिक्का मीच मारला.

निरोपाचा केक त्या दिवशी दुपारी कापला. केक एक, नावं दोन. त्याच दिवशी वेंडेल क्रॉस निवृत्त होत होता. वेंडेल डेप्युटी, म्हणजे कायद्याने पोलीस. शेवटची अकरा वर्षं कोर्टाच्या दारात स्टुलावर बसून शब्दकोडी सोडवत होता. त्याला निवृत्तीचं कार्ड मिळालं, त्यावर छापलेलं: हत्यार बाळगण्यास हरकत नाही. जन्मभर. एल्मरला काउंटीचा शिक्का असलेला थर्मास मिळाला. तुरुंगरक्षक कायद्याने पोलीस नसतो, निवृत्त झाल्यावर तर तो कुणीच नसतो.

"घाबरू नकोस रे एल्मर," तोंडात केक असतानाच वेंडेल म्हणाला. "काही झालं तर मला फोन कर. माझं घेऊन येतो!"

सगळे हसले. एल्मरही हसला. मीसुद्धा हसले, आता कशाला लपवू.

आणि संध्याकाळी तो खिडकीशी आला.

"विल्मा," तो हळू आवाजात म्हणाला, "हे कार्ड तुझ्या टेबलावर कुठेतरी पडून राहिलं तर? काही महिने. विंटर्स सुटून कुठे जातो ते कळेपर्यंत. तुझ्याकडे कागदांचा काय ढीग असतो, मला माहीत नाही का."

"कार्ड जमा झालं नाही तर कॅप्टन मला विचारणार. आणि रद्द झालेल्या परवान्यावर कुणी तुला पकडलं, तर तुलाच आत टाकतील."

"बरंच की. बाहेरून कुलूप लावायला कुणीतरी असेल तरी."

मला हसू आलं नाही. माझ्या पेन्शनला तीन वर्षं होती. कुणी विचारलं असतं का? आता वाटतं, नसतं विचारलं. त्या ऑफिसात कागद वर्ष वर्ष लोळायचे.

"बोट काढ, एल्मर," मी म्हणाले.

त्याने काढलं. मी कार्ड आत ओढलं, कोपऱ्यात भोक पाडलं आणि फाइलीला लावलं.

"दुसरा अर्ज कर," मी म्हणाले. "साध्या नागरिकाचा. मी भरून देते."

भरून दिला. 'कारण' मी स्वतः लिहिलं, पानभर. एल्मर दोन महिने भावाच्या बागेत जाऊन डाव्या हाताने डब्यांवर नेम धरत होता. त्याची बायको डीलिया मला फोनवर म्हणाली, "अगं, त्याला डाव्या हाताने सूप पिता येत नाही आणि हे काय चाललंय? रात्री उठून दारं तपासतो. मी म्हणते बहिणीकडे जाऊ राहायला, तर म्हणतो, घर सोडलं म्हणजे तो जिंकला."

मैदानावरच्या परीक्षेत तो चार गोळ्यांनी नापास झाला. तरी मी अर्ज घेऊन परवाने मंजूर करणाऱ्या कॅप्टन रस्ककडे गेले.

"धोका नेमका काय?" कॅप्टनने विचारलं.

"विंटर्सने सांगितलंय ना त्याला. घर माहीत आहे म्हणून."

"तोंडी?"

"हात मोडताना लिहून कसं देणार, सर?"

कॅप्टनने वर पाहिलं. "विल्मा, तू टाइप करतेस, ठरवत नाहीस. आणि चार गोळ्या म्हणजे चार गोळ्या."

गोळ्यांचं त्याचं खरं होतं. पण त्याच आठवड्यात बदामाच्या बागांच्या एका मालकाचा परवाना मंजूर झाला. त्याचं कारण एका ओळीचं होतं: 'कामानिमित्त एकट्याने प्रवास.' दोन्ही पत्रं मी एकाच सकाळी टाइप केली.

विंटर्स जूनमध्ये सुटला. घराकडे आला नाही, फोन केला नाही, काही नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला आईजवळ राहतो असं कळलं. लोक एल्मरला म्हणायचे, बघ, उगाच घाबरत होतास. एल्मरने चर्चच्या जेवणात वाढायला जाणं सोडलं. पूर्वी मांसाचं मोठं पातेलं तोच ढवळायचा.

मग जुलैतला तो शनिवार. मी किराणा दुकानाच्या रांगेत होते. माझ्यापुढे दोन बायका, त्यांच्यापुढे विंटर्स, हातात पाव आणि दुधाचा कॅन. त्याच्यापुढे एल्मर. मी एल्मरला हाक मारणार, तेवढ्यात मागून विंटर्स म्हणाला, "नमस्कार, मिस्टर नुनिस."

एल्मर वळला. त्याचा उजवा हात, तो न वळणारा हात, झटकन शर्टाखाली कमरेकडे गेला. तिथे पट्ट्याशिवाय काही नव्हतं. हात तसाच राहिला.

विंटर्सने ते पाहिलं. पाव आणि दूध कॅशसमोरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवलं, आणि झडतीला उभे राहतात तसे दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले. बोटं फाकवून. तो हसत होता. कॅशवरची मुलगीही हसली, तिला वाटलं जुने दोस्त असतील.

"काय आहे तिथे, मिस्टर नुनिस? दाखवा तरी."

एल्मरचा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज आला तो तुरुंगातला, कैद्यांच्या मोजणीच्या वेळचा, न चढलेला. "हात खाली, विंटर्स."

आणि विंटर्सचे हात खाली आले. सवयीने आले, त्याच्याही लक्षात यायच्या आत. मग त्याचं हसू गेलं.

एल्मरने डाव्या हाताने पैसे दिले, पिशवी उचलली आणि न धावता बाहेर गेला.

मी बाहेर आले तेव्हा तो गाडीत बसला होता. विंटर्सकडे गाडी नव्हती. तो समोरच्या थांब्यावर बाकावर बसला, दुधाचा कॅन पायांशी ठेवून. आमच्याकडे शनिवारी बस तासाने येते. एल्मर आरशातून त्याच्याकडे पाहत होता. घर विंटर्सला माहीत होतं, तरी आधी निघालं तर कुठल्या रस्त्याने वळलो ते त्याला दिसेल, म्हणून एल्मर थांबला होता. मला ते दुरून समजलं. जाऊन काचेवर टकटक करावी, शेजारी बसावं, एवढंच करायचं होतं. मी माझ्या गाडीत बसून राहिले. काय बोलणार होते मी त्याच्याशी?

चाळीस मिनिटांनी बस आली. विंटर्स चढला, मागच्या सीटवर बसला आणि खिडकीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले. बस गेली.

एल्मर हलला नाही, त्याची नजर अजून आरशातच होती. बाहेर एकशे सहा डिग्री फॅरनहाइट होतं. त्याच्या गाडीचं इंजिन बंद होतं आणि चारही काचा वर होत्या.