कणीची पिशवी

देवराव एसटीत कंडक्टर होते. चंद्रपूर-सिरोंचा गाडीवर त्यांची उमर गेली. दिवसभर माणसांशी बोलणं हीच नोकरी. सिरोंच्याकडच्या उतारूंशी ते मोडकंतोडकं तेलुगूही बोलत. निवृत्त होऊन सिंदेवाहीच्या घरी आले आणि वर्षभरातच त्यांची बायको बायनाबाई काविळीनं गेली. घरात बोलायला कुणी उरलं नाही. एकुलती मुलगी मयुरी पुण्याला एका प्रयोगशाळेत कामाला होती. ती रविवारी फोन करायची.

"जेवले का बाबा?"

"जेवलो. तू?"

"हो."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

मग दोघंही गप्प. "ठेवते मी," असं ती म्हणाली की देवरावांना सुटल्यासारखं वाटे, आणि फोन ठेवला की घर आणखीच मोठं वाटू लागे.

एकदा बोलणं असंच संपत आलं असताना ते म्हणाले, "तू तिकडे करते काय, मले कधी समजलंच नाई."

मयुरी आधी हसली. मग सांगू लागली. तांदूळ, मका, कंद यांच्यातल्या स्टार्चपासून प्लास्टिक बनवायचं. वापरून फेकलं की मातीत कुजून जाईल असं. "घरीबी करता येते बाबा. तांदळाची कणी घ्या, बस." सांगता सांगता तिचा आवाज शाळेतून पळत आल्यासारखा झाला. त्या दिवशी देवरावांचा कान गरम होईपर्यंत फोन चालला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी राइस मिलमधून कणी आणली. भिजवली, वाटली, फडक्यातून गाळली. भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसला. वरचं पाणी ओतून तो सुकवला. मग त्यात पाणी, थोडं व्हिनेगर आणि ग्लिसरीन घालून मंद आचेवर ढवळत बसले. पहिला घाणा पातेल्यालाच लागला. दुसरा ताटात पसरून वाळवला, तर उन्हाळ्यात आटलेल्या बोडीचा, गावतळ्याचा तळ फाटतो तसा तडकला. त्याचा फोटो त्यांनी मयुरीला पाठवला.

लगेच फोन आला. रविवार नव्हता तरी.

"ग्लिसरीन कमी पडलं बाबा!"

पुढच्या वेळी त्यांनी सढळ हातानं ओतलं, तर ताटातून निघेचना, वर मुंग्या. मेडिकलवाल्या पवननं विचारलं, "देवरावभाऊ, इतकं ग्लिसरीन काऊन लागून राह्यलं तुमाले?" देवराव नुसते हसले. रात्री आज काय चुकलं ते आठवून ठेवायचं आणि मयुरीला सांगायचं, एवढ्यावर त्यांचा उन्हाळा निघाला. ती कधी सविस्तर सांगे, कधी "आच कमी ठेवा" एवढंच लिहून पाठवी. पण उत्तर येई.

पाऊस लागायच्या सुमारास एक पापुद्रा अखंड निघाला. दुधाच्या सायीसारखा धूसर, पण दुमडला तरी न तुटणारा. देवरावांनी त्याच्या कडा त्याच खळीनं चिकटवून पिशवी केली. तिच्यात मूठभर तूरडाळ भरली आणि पिशवी हातात धरून घरभर फिरले. दाखवायला कुणी नव्हतं. त्यांनी मयुरीला फोन लावला. तिनं उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावला.

"बेटा, आपलं ते जमलं…"

"बाबा, तुमाले एक सांगाचं होतं," ती मध्येच म्हणाली. "मी ते काम सोडलं. तिथला प्रकल्प बंद झाला. आता एका रंगाच्या कंपनीत आहो, तपासणीच्या कामावर."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यातच. तुमी इतक्या हौसेनं विचारून राह्यले होते, मले सांगवलंच नाई."

"बरं झालं," देवराव म्हणाले. "नोकरी आहे ना, मग झालं."

पिशवीचं त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. डाळ परत डब्यात ओतली. आपलं मन राखायला पोरगी इतके दिवस सोडून दिलेल्या गोष्टीवर बोलत होती, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांना तिचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. रविवारचे फोन पुन्हा "जेवले का"वर आले.

बरेच दिवस त्यांनी कणीला हात लावला नाही. मग ऐन पावसाळ्यात एका खोक्यातून तिला चारोळी पाठवायची ठरवली. तिला ती लहानपणापासून आवडायची. चारोळी कशात भरावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि फार विचार न करता त्याच पिशवीत भरली.

खोकं मिळालं त्या संध्याकाळी मयुरीचा फोन आला.

"पिशवी तुमी केली?"

"हो. कशी निंघाली?"

"नरम झाली. खोक्याले चिकटली. इथी लय पाऊस आहे. पण फाटली नाई बाबा. चारोळी सारी साबूत आहे. आमी तिथं केलेलीबी इतकी टिकत नोती."

"तुले आता त्याचं काय," देवराव म्हणाले. "तू तर सोडलं ते."

"सोडलं नाई, सुटलं. मले तेच करायचं होतं. तुमचा फोन आला की वाटे, अजून करूनच राह्यली मी."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते.

"बाबा, मले इथी करमत नाई," मयुरी म्हणाली.

उभ्या आयुष्यात त्यांनी गाडीत कितीतरी अनोळखी माणसांना धीर दिला होता. आता त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. ते खाली, स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसले.

"मलेबी नाई," ते म्हणाले. बायनाबाई गेल्यापासून हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नंतर दोघंही बराच वेळ बोलले नाहीत, पण फोन कुणी ठेवला नाही.

मयुरी नोकरी सोडून आली नाही, आणि देवरावही पुण्याला गेले नाहीत. तिची खोली तिची आणि आणखी एका मुलीची, अशी दोघींची होती. तिथं बापाला जागा नव्हती. कधी कामावरून चालत घरी जाताना ती फोन करते. रस्ता संपेपर्यंत काहीबाही सांगते, नाहीतर नुसतीच चालत राहते. देवराव तिकडचे हॉर्न ऐकत बसतात. आणि ज्या संध्याकाळी फोन येत नाही, त्या संध्याकाळी ते लवकर जेवतात, ओसरीतला दिवा मालवतात आणि पडून राहतात.