फळीवरची हाक

पूर्वीची मान वळण्याआधी तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलतो. तो फळीवर दाबला जातो, जरासा पसरतो, आणि मग मान वळते. मोबाइलवर काढलेले अकरा व्हिडिओ मी संथ गतीने पाहिले. नऊ व्हिडिओंमध्ये अंगठा आधी, मान नंतर. उरलेल्या दोहोंत तिचे पाय गोधडीखाली होते.

पूर्वी माझी मुलगी. दोन वर्षं एक महिन्याची.

मी पालघरला बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. त्याआधी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून काही काळ मुलींच्या कॉलेजात शिकवलं होतं. बालविकासाच्या पेपरसाठी आम्हा प्रत्येकीला एका मुलाचा व्यक्ती-अभ्यास करायचा होता. सोळा आठवडे निरीक्षण, आणि दर आठवड्याला छापील तक्त्यात नोंद. मूल कुणाचं घ्यावं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा हंसा मॅडम म्हणाल्या, "बुद्धीच्या विकासाच्या पायऱ्या ज्याने मांडल्या, त्याने आधी घरातलीच मुलं पाळण्यात न्याहाळली होती. तुम्हीही घरापासून सुरुवात करा." मी वहीवर पूर्वीचं नाव लिहिलं. सकाळच्या एसटीने दातिवऱ्याहून निघायचं आणि दुपारी परतायचं. दुसऱ्या कुणाच्या मुलाला वेळ कुठून देणार होते?

पहिले पाच आठवडे मजेत गेले. मी फडक्याखाली चमचा लपवला, तिने फडकं उचललं. दोन फडकी ठेवली, तिने बरोबर दुसरं उचललं. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते, हे तिला पक्कं कळलं होतं. डब्यांची सात झाकणं एकावर एक रचून ती माझ्याकडे बघून हसली. मी खुणा करत गेले.

सहाव्या आठवड्याच्या तक्त्यावर 'श्रवण आणि भाषा' असं शीर्षक होतं. नावाने हाक मारल्यावर वळते का? किती शब्द बोलते? दोन शब्द जोडते का?

आठ महिन्यांची असताना ती 'बाबाबा' म्हणायची. मग ते कमी होत गेलं. आता फक्त हसण्याचा आणि रडण्याचा आवाज उरला आहे. घरात हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी मोजलं नव्हतं.

"आमच्यात सगली उशिराच बोलतात," माझ्या सासूबाई, चंद्रकांता, म्हणाल्या. "कुशल तीन वर्सांचा झाला तवा कुठं 'आय' बोलला."

"म्हणून तर आता भरपाई करतोय," कुशल म्हणाला. कुशल माझा नवरा, बोईसरला एका कारखान्यात पाळीवर जातो.

"आनि ऐकायचं म्हनशील तर हे बग." सासूबाईंनी "पूर्वे!" म्हणून हाक मारली आणि टाच आपटली. पूर्वी लगेच वळली. "बग. आयकते का नाय? तुज्या वहीत लिव आता."

मी लिहायला पेन उघडलं आणि थांबले. टाच.

आमच्या घराचा वरचा मजला लाकडी आहे. तिथे जाळी असतात, आणि दिवसभर घरातले सगळे तिथेच. माझे सासरे वामन तांडेल. अडतीस वर्षं बोटीच्या डिझेल इंजिनाशेजारी उभे राहून त्यांचे कान गेले. त्यांना बोलवायचं असलं की फळीवर टाच आपटायची. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे शिकले. पुढे ती सवय फक्त त्यांच्यापुरती राहिली नाही. या घरात कुणीच कुणाला नुसत्या तोंडाने हाक मारत नाही. चहा झाला, टाच. मासळी आली, टाच. कुणाला ते जाणवतही नाही.

कंपनं लाकडातून कशी जातात, हे मी कधीकाळी फळ्यावर सूत्र लिहून शिकवलं आहे. तरी ते मला दिसायला अकरा व्हिडिओ लागले.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मी पूर्वीला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेलं आणि कोरड्या वाळूत बसवलं. तिच्या मागे दोन मीटरवर उभी राहिले, सावली तिच्यापुढे पडणार नाही अशी. हातात स्टीलचं ताट आणि डाव होता. वाजवलं. झोपलेला कुत्रा उठून बसला. बोंबील सुकवायच्या वलांडीवरचे कावळे उडाले. लांबवर टोपली घेऊन चाललेली बाई वळून बघायला लागली.

पूर्वी वाळूत शिंपले रोवत होती.

सात वेळा वाजवलं. आठव्या वेळी ताट खाली ठेवून टाच आपटली. वाळूने ती गिळून टाकली. तीन शिंपले रोवून झाले होते, ती चौथा शोधत होती.

घरी येऊन मी तक्ता भरला. 'नावाने हाक मारल्यास वळते.' समोर लिहिलं: होय.

प्रयोगशाळेत रीडिंग जुळत नाही म्हणून आकडा बदलणाऱ्या मुलींना मी रागावले आहे.

ते दिवाळीच्या आधी. त्यानंतर दर आठवड्याला तोच रकाना आणि तोच शब्द. आता वही पूर्ण झाली आहे. तीत अकरा वेळा 'होय' आहे.

मध्ये एकदा हंसा मॅडमनी भाषेच्या वाढीचा पाठ घेतला. "पहिली काही वर्षं मोलाची," त्या म्हणाल्या. "मेंदू तेव्हा भाषेची वाट बघत असतो. ती कानाने मिळो की हाताच्या खुणांनी, पण मिळाली पाहिजे. उशीर झाला तर दार एकदम बंद होत नाही. हळूहळू लोटलं जातं."

"पाच मार्कांना येतोच हा," शेजारी बसलेली तेजल पुटपुटली आणि तिने खाली दोन रेघा ओढल्या.

दार लोटलं जातं आहे, आणि लोटणारी मी आहे. त्या दिवसापासून दर रविवारी मी आठवडे मोजते. आणखी एक आठवडा गेला. मला आकडा नेमका माहीत असतो. तरी तोंड उघडत नव्हतं.

मी कशाला भीत होते? कुशल कामावरून आला की पूर्वीला छातीवर घेतो आणि तिला माशांची नावं सांगतो. पापलेट, घोळ, मुशी, ढोमा. ती त्याच्या गळ्यावर तळहात ठेवून पडून राहते आणि हसते. "हिला माझा आवाज आवडतो," तो म्हणतो. तळहात तिथे का आहे, हे मला ठाऊक आहे. ते त्याला सांगायचं होतं.

त्यात दुसरी भीती. मी तिच्या मागे मागे चालते. रस्त्यावर तिचं मनगट इतकं घट्ट धरते की वळ उठतो. "जीव घुसमटेल पोरीचा," सासूबाई म्हणतात. "कॉलेजात शिकलीस आनि घाबरट झालीस." स्कूटर, टेम्पो, मागून येणाऱ्या गाई, मला सगळं आधी ऐकू येतं आणि मी तिला बाजूला ओढते. मी कॉलेजात असते त्या सहा तासांत तिच्यासाठी कोण ऐकतं?

आज शनिवार. कुशलची दुपारची पाळी, म्हणून तो घरी होता. घरासमोरच्या वाळूत जवला पसरला होता. पूर्वी त्याच्या कडेला बसून बारीक कोळंब्या एकेक उचलून रांगेत लावत होती. सासूबाई वलांडीवर बोंबील अडकवत होत्या. मी नळावर होते, तिच्यापासून पंधरा पावलांवर.

टेम्पो मागे यायला लागला. मासळीच्या पेट्या भरायला आला होता. रिव्हर्सचा टीं-टीं आवाज सुरू झाला. मी बादली सोडली.

चालकाने हॉर्न दिला. लांबलचक. पूर्वीने एक कोळंबी उचलली.

"पूर्वे, सर!" सासूबाई ओरडल्या. आणि त्यांनी टाच आपटली. वाळूत. पुन्हा आपटली. मी धावता धावता त्यांच्याकडे पाहिलं. त्या स्वतःच्या पायाकडे बघत होत्या.

मी पूर्वीला उचललं तेव्हा चाक दीड हातावर थांबलं होतं. तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून टेम्पोकडे, आणि तेव्हा ती दचकली.

चालक खाली उतरला. "ओ ताई, पोरगी बहिरी हाय काय? केवडा हॉर्न मारला!"

"बहिरा तुजा बाप!" सासूबाई त्याच्यावर धावून गेल्या. "डोले हायत का बटनं? मागं बगून गाडी घे, मेल्या!"

तो पुटपुटत निघून गेला. आम्ही वर माळ्यावर आलो. कुशलने तांब्याभर पाणी दिलं.

"काय झालं? एवढा हॉर्न ऐकून मी उठलो," तो म्हणाला. "तिला कळलं नाही?"

"खेलात गुंगली व्हती," सासूबाई म्हणाल्या. आवाज बसका होता. "हट्टी हाय."

सासरे खिडकीशी पाठ करून जाळं दुरुस्त करत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पूर्वी मांडीवरून उतरली आणि फळीवर जाऊन बसली, अनवाणी. सासूबाई तिच्या पायांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तीच भीती होती जी मी तीन महिने एकटीने सांभाळली होती.

मी उठले आणि टाच आपटली.

अंगठा दाबला गेला, पसरला, आणि पूर्वीची मान वळली. सासऱ्यांचीही वळली. त्यांनी सुई खाली ठेवली आणि माझ्या ओठांकडे बघायला लागले. म्हणून मी सावकाश बोलले, एकेक शब्द सुटा करून.

"पूर्वीला ऐकू येत नाही. मला दिवाळीच्या आधीपासून माहीत आहे आणि मी वहीत खोटं लिहिलं. सोमवारी मी तिला कान तपासायला नेणार आहे."