माझ्यापेक्षा मोठं कुणी आहे?

बुधवारी विधानसभा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

या जर्मन शहरात आमचं घर विधानसभेच्या भिंतीला चिकटून आहे. तिथला नियम असा, की एका पक्षाला खुर्ची जास्त मिळाली तर तोल राखायला बाकीच्यांनाही द्यायची. मग परत तोल जातो. परत द्यायची. निवडणूक झाल्यापासून खुर्च्या वाढतच होत्या. आधी बाल्कनी गेली, मग माझी खोली. बुधवारी अध्यक्षांची उंच खुर्ची आमच्या ओट्याला येऊन टेकली.

तिच्यात फ्राऊ ब्रांडेस, म्हणजे ब्रांडेसबाई, बसल्या होत्या. सगळ्यांत म्हाताऱ्या आमदार. नवीन अध्यक्ष निवडेपर्यंत वयाने मोठं असेल त्याने तिथे बसायचं, अशी रीत. पण मतदान सुरू झालं की कुठेतरी एक खुर्ची उगवायची आणि मतदान रद्द.

"मग उठा ना," मी म्हटलं. "कुणी धरलंय तुम्हाला?"

त्यांनी उठून दाखवलं. खुर्चीपण त्यांच्यासोबत उठली.

त्यांचे पाय सुजून बुटांतून वर आले होते. आईने घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं. "बुडवा पाय, आजी. हिच्याकडे नका लक्ष देऊ. यंदा शाळा सोडल्यापासून हिच्या नाकावर राग बसलाय."

"घरी जायचंय," फ्राऊ ब्रांडेस म्हणाल्या. "बहीण दार उघडं ठेवून बसली असेल. थंडी आहे."

रोज सकाळी त्या घंटी वाजवून विचारायच्या, "माझ्यापेक्षा मोठं कुणी आहे?" कुणी हो म्हटलं तरच त्यांची सुटका. आमदार आपापल्या बुटांकडे बघायचे. पांढऱ्या केसांचे दोघं-तिघं होते. गुरुवारी ते केस काळे करून आले.

शुक्रवारी आई दोन आमदारांच्या खांद्यांमधून हात घालून पोळ्या लाटत होती. फ्राऊ ब्रांडेसनी विचारलं. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. सगळ्यांनी खाली बघितलं.

माझं डोकं फिरलं. "मी आहे," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, "कशावरून?"

मी ओट्यावरचा माझा हात बघितला. शिरा वर आलेल्या, नखं पिवळी. "हे बघ," मी म्हटलं.

फ्राऊ ब्रांडेस उठल्या. खुर्ची जागेवरच राहिली. त्यांनी बूट हातात घेतले आणि ओल्या पायांनी रांगांमधून निघाल्या. दाराशी वळल्या. "घंटी हळू वाजव हं, पोरी. आतून तडकलीये."

मी बसले. गुडघे वाजले. घंटी हळूच हलवली. प्रश्न तर विचारावाच लागतो.

"माझ्यापेक्षा मोठं कुणी आहे?"

सगळे बुटांकडे बघायला लागले. आईने गॅस बंद केला.

"आई, नाही," मी म्हटलं. "हात खाली घे."

तिचा पिठाचा हात वरच होता. भांगापासून तिचे केस पांढरे होत चालले होते.