पन्नासची लेन्स

पलंगावर मांडलेल्या सामानातून जन्मभर पुरेल तेवढंच ठेवायचं आणि बाकीचं विकून मोकळं व्हायचं, असं रविकांतनं ठरवलं, तेव्हा त्याला हसला नाही असा एक फोटोग्राफर लातुरात उरला नाही. लग्नांच्या धंद्यात त्यानं आयुष्याची माती केली होती. ड्रोन, फ्लॅश, डिजिटल कॅमेरे, आणि एकेका हळदीचे हजारो फोटो, जे नवरानवरीसुद्धा परत बघत नाहीत.

"सगळं इका, पर एक कॅमेरा जोडीला राहू द्या," त्याची बायको लुंबिनी म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स, तिला दुसरी वस्तू हाताशी लागायचीच. "हे बंद पडलं तर काय करताल?"

"ह्याच्यात बंद पडायला सेलच न्हाई."

"आन् लांबचं काढायचं असलं तर?"

"पायानं जवळ जायचं."

"लोकांच्या जवळ गेल्यावर लोक काय करत्यात, ते म्हाईत हाय ना?"

शेवटी उरला एक जुना लोखंडी कॅमेरा, पन्नास मिलिमीटरची एक लेन्स, काळ्यापांढऱ्या रिळाची एकच जात, रीळ धुवायचा डबा आणि त्याच्या औषधांच्या बाटल्या. गावात त्याचं नाव पडलं रीळवाला. कमी सामान म्हणजे साधुपणा, असं लोकांना वाटतं. घंटा! ज्याच्याकडं एकच वस्तू असते त्याला नागवायला एकच हिसका पुरतो.

एका सकाळी निलंग्याकडच्या रेवणप्पांचा धाकटा, पंचाक्षरी, गाडी घेऊन दारात आला. ऊस, ट्रॅक्टर, घरात दोनदा सरपंचपद, असलं घराणं.

"वैनी वारली. रातीतनं हार्टअटॅक. फोटो पायजे." बोअरची मोटर जळाली हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"लग्नातले असतील की, अण्णा."

"आमच्या भिंतीवर समद्यांचा शेवटचाच फोटो असतो. आज्यापासनं. हिचा नसला तर लोक विचारतेत. आन् मोबाईलवरचा कुठं कुठं जातो, पत्ता लागत न्हाई. तुझं बरं हाय. एकच रीळ, एकच तू."

वाड्याच्या फाटकात रविकांतचा मोबाईल काढून घेतला. ओसरीवर सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा, त्याला कागदाच्या. हे त्याला नवीन नव्हतं. नवीन होती ती शांतता. बायका रडत नव्हत्या. रडायचं का नाही, हे आधी कुणाच्या तरी तोंडाकडं बघून ठरवत होत्या.

त्यांच्यात मेलेल्याला आडवं नेत नाहीत, बसवतात आणि तसंच पुरून समाधी देतात. मेलेल्या सुनेला, शिवलीलाला, भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, मांडीवर हात, गळ्यात कानापर्यंत हारच हार. पंचविशीचीसुद्धा नसेल. नवरा, गुरुलिंग, खांबाला धरून उभा, आणि रेवणप्पा घाई करत होते.

"हिची आई देगलूरहून निघालीय म्हणं. थांबायचं न्हाई. हान लवकर."

झूम असती तर रविकांतनं दारातूनच उरकलं असतं. पन्नासच्या लेन्सला चेहरा पाहिजे तर हातभर अंतरावर जावं लागतं. तो गेला. अंधार होता आणि फ्लॅश तर विकून खाल्लेला. म्हणून त्याच्या तोंडून धंद्यातलं वाक्य निघालं, "जरा उजेडाकडं फिरवा."

दोघांनी तिला खांद्याला धरून खिडकीकडं वळवलं आणि हार घसरले.

कानाखाली काळंनिळं होतं. एका बाजूला एक डाग, दुसऱ्या बाजूला चार. रविकांत डोळा लावूनच होता. बोटानं आपोआप खटका दाबला.

पंचाक्षरीनं झटकन हार वर ओढले. रविकांतनं परत एक काढला.

"दोनदा वाजलं," पंचाक्षरी म्हणाला.

"पहिला हालला असंल, अण्णा."

"रीळ अख्खं पायजे," रेवणप्पा बोलले. "तुकडा तोडायचा न्हाई. पंचाक्षरी, तू संग जा. लातुरात रीळ धुणारा ह्योच एकला उरलाय म्हणं."

फाटकात मोबाईल परत मिळाला. घरी रविकांत मोरीत शिरला आणि दाराच्या फटीत काळं कापड कोंबलं. बाहेर पंचाक्षरी खुर्चीवर, लुंबिनी त्याला चहा देत होती. आत अंधारात रविकांतनं कॅमेऱ्यातलं रीळ काढलं. फळीवर कोरं रीळ होतं. खरं रीळ डब्यात घालायचं, धुवायचं, त्यांच्या हातात द्यायचं आणि भाकरी खायची. सोपं होतं. आजवर त्यानं असंच केलं होतं. कुणाच्या लग्नात जेवायला वेगळं बसवलं, तरी त्यांचेच फोटो झकास काढले होते.

बाहेर पंचाक्षरीचा फोन वाजला. "झाली समाधी? बरं बरं. म्हातारी आली का न्हाई अजून? येऊ दे, आता काय."

खरं रीळ रविकांतनं कपडे धुण्याच्या सोड्याच्या डब्यात दाबलं आणि कोरं धुवायला घेतलं.

बाहेर येऊन त्यानं ओली पट्टी उजेडात धरली. काचेसारखी स्वच्छ, कडेला नुसते आकडे. "अण्णा, घात झाला. रिळाचं टोक आत खोचलंच गेलं न्हाई. नुसतंच वाजत राहिलं. असं होतं कधी कधी."

"म्हंजी काय बी न्हाई?"

"कायबी न्हाई."

"बरं झालं," पंचाक्षरीच्या तोंडून गेलं. मग त्याला आपलंच ऐकू आलं. तो उठला, रविकांतच्या गळ्यातला कॅमेरा पट्ट्यासकट उपसून घेतला. "आप्पा इचारतील. ह्यो राहू दे माझ्याकडं. जन्मभराचा म्हणतोस न्हवं? बघू किती जन्म हाय." दारात थांबून तो लुंबिनीकडं वळला. "वैनी, तुमची ड्युटी कोणत्या वार्डात असती?"

गाडी गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली आणि खरं रीळ धुतलं. लुंबिनीनं ती पट्टी बल्बसमोर बराच वेळ धरली.

"हार्टअटॅक कसला? हे फासाचं बी न्हाई," ती म्हणाली. "हाताचं हाय."

"मोबाईलवर काढून पाठवू तिच्या आईला?"

"मोबाईलवरचं ते म्हणतील एआयनं केलंय. सगळे तेच म्हणून राहिलेत आता. ह्या रिळाला खोटं म्हणता येत न्हाई. हेच न्या तुम्ही, उद्या. मी ड्युटीवर जाते. न गेले तर त्यांना कळंल."

दुसऱ्या दिवशी उदगीरमार्गे एसटीनं तो देगलूरला पोचला. शिवलीलाची आई, जगदेवी, उंबऱ्यात बसली होती. तिला लेकीचं तोंड दिसलंच नव्हतं, नुसता मातीचा ढीग दाखवून परत पाठवलं होतं. रविकांतनं पट्टी तिच्या हातात दिली. तिनं ती उन्हाकडं धरली आणि चिडली.

"ही कोण म्हातारी? केस पांढरेफटक. माझी लेक म्हातारी झालीच न्हाई रे."

"हे उलटं असतंय, मावशी. पांढरं दिसतंय ते काळं हाय."

ती परत बघू लागली. बोट पट्टीवरून सरकलं आणि गळ्याशी थांबलं.

"मंग हे पांढरं?"

रविकांतला सांगावं लागलं. ती पदर खोचून उभी राहिली.

"पुरलंय, जाळलं न्हाई. उकरून बघता येतंय. चल ठाण्यात." मग अडखळली. "फोटो कुणी काढला, इचारतील. तुझं नाव सांगू का, लेकरा?"

त्याचा फोन वाजला. लुंबिनी होती, आवाज दबका. "त्यो वार्डाच्या दारात बसलाय. गळ्यात तुमचा कॅमेरा. कुणाला काय बोलंना, नुसता माझ्याकडं बघून राहिलाय."

"मी येतो माघारी."

"येऊ नका. हितं माणसं हायत, वॉचमन हाय. तुम्ही पोचला का, तेवढं सांगा."

"पोचलो."

"मंग करा." तिनं फोन ठेवला.

जगदेवी वाट बघत होती. रविकांतनं फोन खिशात घातला. आता तो नाव सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत ते नाव निलंग्याच्या त्या वाड्यात पोचणार, हे त्याला उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं.

"सांगा," तो म्हणाला. "रविकांत साहेबराव सरवदे. मूळ गाव चाकूर."