हात लावायचा नाही

आमच्या सोमाजी गुरुजींची जिवतीच्या शाळेत बदली झाली तेव्हा बस घाटाखालीच थांबायची. पुढची सारी चढण पायी. डोक्यावर लोखंडी ट्रंक घेऊन गुरुजी पुढे, मी त्यांची बायको मागे. दम लागून बसायची ती मीच.

आता त्याच माणसाचा प्रोस्टेटचा कॅन्सर मांडीच्या हाडात उतरला आहे. पाय भार घेत असेल तर नुसत्या रेडिएशनवर भागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नसेल तर हाड मोडायच्या आत नागपूरला रॉड टाकावा लागेल. गुरुजींना चिरफाड नको होती. चंद्रपूरला पायाची तपासणी होती त्या दिवशी ते सकाळीच दाढी करून, पांढरा शर्ट घालून तयार.

फिजिओथेरपीच्या दीपालीने विचारलं, "आजोबा, आंघोळ कोण घालते?"

"माही मीच करतो."

"पाणी कोन काढते, टॉवेल कोन देते, तेही सांगा," मी म्हटलं.

"ते त लग्नापासूनच हाय. आजाराशी त्याचा का संबंध?"

दीपाली हसली. मग तिने घड्याळ लावलं आणि खुर्चीवरून उठून भिंतीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. गुरुजी उठले, गेले, येऊन बसले.

"पास!" ते म्हणाले.

"आजी, तुम्ही कोपर धरलं होतं त्यांचं."

मला कळलंच नव्हतं. घरात ते उठायला लागले की माझा हात आपोआप जातो.

"आता हात लावायचा नाही. अन् आजोबा, दुखलं की थांबायचं." ती त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. गुरुजी खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन अर्धे उठले. पाय थरथरू लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"केसर, उगाच उभी काऊन हाय?"

मी खिडकीकडे पाहू लागले. खुर्ची करकरली. दीपालीने त्यांना सावरून बसवलं आणि घड्याळ बंद केलं. पुन्हा उठायला तिने सांगितलं नाही. डॉक्टरांनी रॉडचं नक्की केलं.

बाहेर गुरुजी व्हीलचेअरवर होते. ते म्हणाले, "तू हात काढला म्हणून नापास झालो."

"मंग डॉक्टरले सांगा, रॉड नको, माह्या बायकोलेच टाका मांडीत."

ते हसले नाहीत. माझ्या खांद्याकडे पाहत म्हणाले, "तुहा खांदा दुखत असन."

"रोज दुखते," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बाकावर टेकले. नागपूरची तारीख मिळायची होती अजून.